पहिल्या वर्षातल्या तडजोडी: कुठे जमवून घ्यावे आणि कुठे अडून बसावे

सांगलीच्या विश्रामबागेतील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सात महिन्यांची, जन्मवजन २.८ किलो, आताचे वजन ७.२ किलो. आई सहकारी बँकेत नोकरीला असून प्रसूती रजा संपवून नुकतीच कामावर रुजू झाली आहे. वडील कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीने कामाला जातात. दिवसभर बाळ आजीजवळ, म्हणजे सासूबाईंजवळ असते. दुपारी एकदा पावडरचे दूध द्यावे लागते. जेवणात डाळीचे पाणी, पेज आणि नाचणीचे सत्त्व असते. सासूबाई रोज गुटी उगाळून देतात आणि अंघोळीनंतर धुरी देतात. बाळ दिवसा झोळीत आणि रात्री आईच्या कुशीत झोपते, मोबाइल समोर धरल्याशिवाय घास घेत नाही, डायपर जवळजवळ चोवीस तास असतो. पुढच्या महिन्यात जावळासाठी पालीच्या खंडोबाला जायचे ठरले आहे. आईचे म्हणणे असे की ठरवलेले एकही धड पाळता आले नाही, सगळीकडे तडजोडच झाली. आता यातले नेमके काय सुधारावे आणि काय सोडून द्यावे?

बालरोगतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मी जवळजवळ रोज ऐकतो. यादीतल्या सगळ्या तडजोडी एकाच तागडीत घालता येत नाहीत, हे आधी सांगतो. बाळाचा श्वास, जंतुसंसर्ग, रक्त आणि लसीकरण यांच्याशी जिथे संबंध येतो तिथे मी एक पाऊलही मागे येत नाही. जिथे प्रश्न फक्त पद्धतीचा, वेळापत्रकाचा, टापटिपीचा किंवा कोणाच्या तरी मानापमानाचा असतो, तिथे खुशाल जमवून घ्यावे. घरोघरी दिसते ते मात्र उलटे. डायपर की लंगोट यावरून आठवडाभर अबोला चालतो, आणि डाळीच्या पाण्यावर सगळ्या घराचे एकमत असते.

म्हणूनच सुरुवात जेवणापासून करतो, कारण ती तडजोड आहे हे तुमच्याही लक्षात आलेले दिसत नाही. डाळीचे पाणी, भाताची पेज आणि गाळून घेतलेल्या सत्त्वाची पातळ लापशी या तिन्हींत पाणी भरपूर आणि अन्न बेताचे असते. सात-आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० ते २५० मिलिलिटर मावते. ती जागा पाण्यानेच व्यापली तर बाळ तृप्त दिसते, लगेच झोपते, आजीला समाधान वाटते, आणि महिन्या-दोन महिन्यांत वजनाच्या तक्त्यावरची रेघ आडवी होऊ लागते. तुमच्या मुलीचे वजन आज उत्तम आहे. जन्मवजन पाच महिन्यांच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाच्या अखेरीस तिप्पट होणे अपेक्षित असते, त्या हिशेबाने ती पुढेच आहे. पण हे वजन प्रामुख्याने पहिल्या सहा महिन्यांच्या आईच्या दुधाची कमाई आहे. पुढची कमाई घन आहारावर ठरते.

त्यासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही. घरच्या कुकरमधला मऊ भात आणि वरणातली खालची घट्ट डाळ घ्यावी, मीठ-तिखट पडण्याआधी काढून घ्यावी, हाताने किंवा वाटीच्या बुडाने कुस्करावी आणि वर चमचाभर साजूक तूप किंवा तेल घालावे. मिक्सरमधून गंधासारखे वाटू नये. सातव्या महिन्यात थोडे कण जिभेला लागलेच पाहिजेत, नाहीतर दीड वर्षाचे मूल तुकडा दिसला की ओकारी काढते. घट्टपणाची परीक्षा सोपी आहे: चमचा तिरपा केला तरी घास ओघळून पडू नये. या वयात दिवसातून दोन-तीन वेळा, दोन-तीन मोठ्या चमच्यांपासून सुरुवात करून प्रत्येक वेळी साधारण अर्ध्या वाटीपर्यंत जावे. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एखाददुसरे खाणे द्यावे. नाचणीला माझा विरोध नाही. तिच्यात कॅल्शियम भरपूर असते. मात्र ती एकटी पुरत नाही, आणि गाळताना कोंड्याबरोबर तिचाही बराच ऐवज निघून जातो.

याहून गंभीर विषय लोहाचा आहे. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाला आईकडून मिळालेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. आईचे दूध कितीही उत्तम असले तरी त्यात लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच लोह असते. म्हणजे सातव्या महिन्यात साठा संपत आलेला असतो, दुधातून भरपाई होत नाही आणि ताटात डाळीचे पाणी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक मोठे कारण आहे. मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते ती याच काळात, आणि त्या वेळी राहिलेली लोहाची उणीव पुढे गोळ्या देऊन पूर्णपणे भरून निघेलच असे सांगता येत नाही. म्हणून इथे तडजोड नको. अंडे सहा महिन्यांनंतर पूर्ण शिजवून, पिवळ्यासह द्यावे. घरात मटण होत असेल तर बाळाला पायाचे सूप देऊन समाधान मानू नये, कारण सुपात चव उतरते पण लोह बहुतांशी मांसातच राहते. मऊ शिजवलेला खिमा किंवा कलेजीचा अगदी छोटा तुकडा वाटून भातात कालवावा. शाकाहारी घरात घट्ट डाळ, मोड आलेल्या मटकीचे वरचे साल काढून केलेले वाटण आणि पालेभाजी द्यावी, आणि वर लिंबाचे दोन-चार थेंब पिळावेत, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतले लोह अधिक शोषले जाते. चहात बुडवलेले बिस्कीट नेमके याच्या उलट काम करते. चहा लोहाला अडवतो आणि बिस्किटातून साखर आणि मैद्याखेरीज फारसे काही मिळत नाही. आपल्याकडे सकाळच्या चहाला आजोबांच्या मांडीवर बसलेल्या प्रत्येक बाळाला हा प्रसाद मिळतो. तो बंद करावा, त्याऐवजी आजोबांनी हाताने केळे कुस्करून भरवावे.

आहाराच्या जोडीला लोहाचे औषधही लागते. अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर सिरप दिले जाते, त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. आशाताईंकडे ते विनामूल्य मिळते. खासगी डॉक्टर रोजचे थेंब देत असतील तर ते घ्यावेत, दोन्ही एकदम देऊ नयेत. औषध सुरू झाल्यावर शी काळसर होते, त्याला घाबरू नये. याच्या जोडीला ड जीवनसत्त्वाचे रोज ४०० एकक वर्षभर चालू ठेवावे. कोवळ्या उन्हात बसवतो म्हणून थेंब नकोत, हे म्हणणे मला मान्य नाही. सकाळी सातच्या उन्हात ड जीवनसत्त्व बनवणारे किरण फारच थोडे असतात.

आता पावडरच्या दुधाविषयी. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, म्हणजे तुम्ही सहा महिने निव्वळ अंगावर पाजलेत. कापड दुकानात किंवा खासगी शाळेत नोकरी करणाऱ्या कित्येक जणींना तेवढेही मिळत नाही. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी असा नियमही आहे, पण आपल्याकडच्या बँकेच्या शाखेत आणि पतसंस्थेत मुळात एवढी माणसेच नसतात. अशा स्थितीत दुपारी एकदा पावडरचे दूध देणे ही रास्त तडजोड आहे, तिच्याबद्दल मनाला खात बसू नये. पण दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पावडर डब्यावरच्या प्रमाणातच घ्यावी, सपाट चमचा मोजून आणि तेवढ्याच पाण्यात. डबा महिनाभर पुरावा म्हणून पाणी वाढवणारी घरे मी पाहतो, आणि त्यातून बाळ हळूहळू उपाशी राहते. दुसरे म्हणजे बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावे. बोंडले वापरत असाल तर त्याची चोच आतून घासली जाते की नाही हे उजेडात धरून पाहावे. तिथे साय अडकते आणि जंतू वाढतात.

अंगावरचे दूध काढून ठेवण्याचा मार्गही बंद झालेला नाही. सकाळी निघण्यापूर्वी हात धुऊन हाताने दूध काढावे आणि उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या डबीत ठेवावे. साधारण २५ अंशांपर्यंतच्या हवेत ते चार तास टिकते, फ्रिजमध्ये चार दिवस. सांगलीत मार्च ते मे पारा ३८-४०पर्यंत जातो, त्या दिवसांत ओट्यावर चार तास ठेवायचा विचारही करू नये, थेट फ्रिजमध्ये ठेवावे. देताना डबी कोमट पाण्यात धरावी. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. बाळाने प्यायला सुरुवात केल्यावर उरलेले दोन तासांत संपवावे किंवा टाकून द्यावे. टाकताना जीव तुटतो हे मला ठाऊक आहे, तरीही टाकावे.

गायी-म्हशीच्या दुधाचा आग्रह मात्र सौम्यपणे पण ठामपणे परतवावा. दारात गवळी धारोष्ण दूध घालतो आणि घरातली मोठी माणसे त्याच दुधावर वाढलेली असतात, त्यामुळे हा मुद्दा भावनेचा होतो. वर्षाच्या आत हे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये, कारण त्यात लोह नगण्य असते, आणि आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म रक्तस्रावही होऊ शकतो. घरचे ताजे दही दोन चमचे किंवा खिरीत थोडे दूध चालते. मध मात्र वर्षभर थेंबभरही नको. त्यात बोट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराचे बीजाणू असू शकतात आणि लहान बाळाचे आतडे त्यांना रोखू शकत नाही. मीठ आणि साखरही पहिल्या वर्षात नकोत. साताऱ्याहून येणारा पाहुणा कंदी पेढ्याचा कण बाळाच्या जिभेवर ठेवणारच. तो एकदा ठेवला म्हणून घरात रणकंदन करू नये, पण रोजचा पाहुणा असेल तर पेढा आईच्या हातात देण्याची पद्धत पाडावी.

गुटीचा विषय वेगळ्या प्रकारे हाताळावा लागतो. सहा महिन्यांच्या आत मी ती पूर्णपणे नाकारतो, कारण त्या वयात पाण्याचा एक थेंबही गरजेचा नसतो आणि सहाण, बोट व पाणी या तिन्हींतून जुलाबाचे जंतू पोटात जाऊ शकतात. सहा महिन्यांनंतर मी आजींना आधी सगळी गुटी घेऊन यायला सांगतो आणि टेबलावर मांडून बघतो. बदाम, खारीक, हळकुंड, जेष्ठमध, बाळहिरडा, मुरडशेंग, मायफळ, वेखंड, जायफळ असे बरेच काही निघते. त्यातली बदाम आणि खारीक मी एका बाजूला काढून परत देतो: धुतलेल्या सहाणेवर, उकळून गार केलेल्या पाण्यात, एक-दोन वळसे, ताजे उगाळून लगेच चाटवावे. जायफळ आणि वेखंड ठेवून घेतो. जायफळाने बाळ झोपते हे खरे आहे, पण ती झोप गुंगीची असते आणि सहाणेवर किती वळसे फिरले यावर मात्रा ठरते. वेखंडात बीटा-असारोन नावाचे विषारी द्रव्य असते. बाकीच्या वस्तूंबद्दल आजी विचारतात तेव्हा मी एवढेच सांगतो की, बाळाला जुलाब किंवा बद्धकोष्ठ झाले तर डब्यातली मुळी शोधण्याआधी मला फोन करा. बाजारात मिळणाऱ्या तयार गुटीच्या बाटल्या, ज्यांच्या लेबलावर घटकांचे प्रमाण लिहिलेले नसते, त्या मी कोणत्याही वयात मान्य करत नाही.

धुरीबाबत मधला मार्ग नाही. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, धूप, लसणाची साले, आणि वर पांघरुणाचा तंबू करून धरलेले बाळ: या छोट्याशा जागेत धुराचे सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही साठतात. बाळ मिनिटाला तीस-चाळीस वेळा श्वास घेते, त्यामुळे वजनाच्या मानाने तिच्या छातीत आपल्यापेक्षा जास्त धूर जातो. हिवाळ्यात छाती भरून येणाऱ्या बाळांच्या घरी विचारले की धुरी निघते, किंवा चूल, किंवा वडिलांची सिगारेट. बाळाचे अंग ऊबदार राहावे आणि पाणी टिपले जावे एवढाच धुरीचा हेतू असेल तर जाड पंचाने मान, काख आणि जांघेच्या घड्या कोरड्या करून लगेच कपडे घालावेत.

सासूबाईंना दुखावायचे नाही, हा तुमच्या प्रश्नातला न लिहिलेला भाग मला वाचता येतो. त्या दिवसाचे आठ-नऊ तास बाळ सांभाळतात, त्यामुळे त्यांच्याकडून एकेक गोष्ट काढून घेत गेलात तर त्या निव्वळ राखणदार उरतील. म्हणून जे त्यांच्याकडे राहू शकते ते पूर्णपणे त्यांच्याच हाती द्यावे. मालिश हे त्यातले सगळ्यांत चांगले काम आहे. खोबरेल तेलाने, हलक्या हाताने, बाळ जागे आणि खुशीत असताना, दूध पिऊन अर्धा-पाऊण तास झाल्यावर करावी. कानात-नाकात तेल सोडू नये, टाळूवर दाब देऊ नये, छातीच्या गाठी पिळू नयेत. एवढी पथ्ये पाळली की हात त्यांचा, पद्धत त्यांची. काजळाचेही असेच करता येते. त्यात शिसे असू शकते आणि डोळ्यांत बोट गेल्याने संसर्ग होतो, म्हणून डोळ्यांत नको. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची असेल तर तळपायाला लावावी, तिथून ती तोंडात जाणार नाही इतके मोजे घालावेत, म्हणजे सगळ्यांचेच समाधान होते. आणि पुढच्या भेटीला सासूबाईंना बरोबर आणावे. डॉक्टरांनी सांगितले म्हणून थांबवले, यात कोणाचा पराभव नसतो. सुनेने सांगितले म्हणून थांबवले, हे आपल्या घरांत सहजासहजी पचत नाही.

झोपेविषयी आदर्श असा आहे की बाळाने पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर, आईच्या खोलीत पण स्वतंत्र जागेवर झोपावे. उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी काही नको. डोके गोल व्हावे म्हणून ठेवलेली मोहरीची उशीही नको. प्रत्यक्षात रात्री तीनला पाजता पाजता आईचा डोळा लागतोच, आणि लागणार हे गृहीत धरून जागा तयार ठेवणे हीच शहाणपणाची तडजोड आहे. पाजताना झोप येईल म्हणून उठून सोफ्यावर किंवा खुर्चीत बसणाऱ्या आया मला भेटतात. तिथे बाळ कुशीत आणि गादीच्या खाचेत अडकण्याचा धोका पलंगापेक्षाही खूप जास्त असतो. आपल्याकडची जमिनीवर अंथरलेली गादी यासाठी फार सोयीची आहे: पडायची भीती नाही, आणि भिंतीपासून हातभर दूर ओढली की फटीत अडकायचीही नाही. बाळ आईच्या बाजूला ठेवावे, दोघांच्या मध्ये नको. आईचे पांघरूण कमरेपर्यंत आणि बाळाचे वेगळे असावे. घरातले कोणी धूम्रपान करत असेल, दारू पिऊन किंवा झोपेची गोळी घेऊन झोपत असेल, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे अथवा जन्मतः कमी वजनाचे असेल, तर मात्र एका गादीवर झोपणे पूर्ण बंद.

झोळीत बाळाचे शरीर वाकते आणि हनुवटी छातीला टेकते, त्यामुळे श्वासनलिका अरुंद होते. दिवसा, समोर जागे माणूस बसलेले असताना, झोप लागेपर्यंत झोळी द्यावी आणि झोप गाढ झाली की उचलून गादीवर ठेवावे. पहिले आठ-दहा दिवस बाळ उचलताच जागे होईल, नंतर सवय लागते. ते कुशीवर वळू लागले, कडेला धरून उठू पाहू लागले की झोळीची मुदत संपली असे समजावे. तुमची मुलगी त्याच टप्प्यावर असणार.

रात्रीच्या जागरणात वडिलांचा वाटा कुठे बसवायचा हे पाळीवर ठरते. दुसऱ्या पाळीवरून ते मध्यरात्री येत असतील तर त्या वेळचे काढलेले दूध त्यांनी पाजावे आणि आईने रात्री नऊ ते एक सलग झोपावे. पहिल्या पाळीचे दिवस असतील तर पहाटेची वेळ त्यांची. सलग चार तास झोप मिळालेली आई आणि तुकड्या-तुकड्यांनी सात तास झोपलेली आई यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. घरकामातली तडजोड इथे भरपूर करावी. रात्रीची भाकरी विकत आली, कपडे दोन दिवस घडी न होता पडले, याने बाळाचे काहीही बिघडत नाही. सतत रडू येणे, बाळाबद्दल काहीच न वाटणे, बाळ झोपले तरी आपल्याला झोप न लागणे असे दोन आठवड्यांहून अधिक काळ होत असेल तर तो थकवा समजून अंगावर काढू नये. डॉक्टरांना सांगावे, किंवा १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोलावे; ती सरकारी सेवा विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते.

मोबाइलबाबत जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की एक वर्षाखालील बाळाला पडदा नकोच. माझा आक्षेप मुख्यतः जेवणातल्या मोबाइलला आहे. पडद्याकडे डोळे लावलेले बाळ घास गिळते, पण पोट भरले की तोंड फिरवायचे हे शिकत नाही, आणि आपणही घास मोजत भरवत राहतो. दोन-तीन दिवस ते कमी खाईल हे मान्य करून एकदाच बंद करावे. खिडकीत कावळा असतो, दोरीवर कपडे हलत असतात, पुढ्यात स्टीलची वाटी असते. सात महिन्यांच्या मुलीला एवढे पुरते. एक चमचा तिच्या हातात द्यावा आणि दुसऱ्याने आपण भरवावे. निम्मे अन्न सतरंजीवर पडेल, ते पडू द्यावे. पुण्याला किंवा परगावी असलेल्या मामाशी व्हिडिओ कॉल झाला तर त्याला मी पडदा म्हणत नाही.

डायपरवर फार शाई खर्चण्यासारखे नाही. रात्री डायपर, दिवसा घरात लंगोट, बाहेर जाताना पुन्हा डायपर, आणि दर तीन-चार तासांनी व शी झाल्यावर लगेच बदल. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तेव्हा दिवसभर वापरला तरी हरकत नाही, फक्त रोज तासभर तरी अंग मोकळे ठेवावे.

वॉकर मात्र आणू नये, भेट आला तरी. त्याने मूल लवकर चालत नाही. उंबरा, जिना आणि चुलीपर्यंत मात्र लवकर पोहोचते. कॅनडाने २००४ साली त्यावर बंदीच घातली. जुना लाकडी पांगुळगाडा घरात असेल तर मूल स्वतः उभे राहू लागल्यावर, मागे माणूस ठेवून, तो चालेल. तासगावकडून द्राक्षे आणि बेदाणे घरी येतात, शेंगदाणे आणि भडंग तर डब्यात असतातच. यातले अख्खे काहीही बाळाच्या हाताला लागू नये. द्राक्ष देणारच असाल तर उभे चार भाग करून. शेंगदाणा फक्त बारीक कूट करून अन्नात मिसळून. गोल द्राक्ष श्वासनलिकेत बुचासारखे बसते. बाळ घुसमटले आणि त्याला आवाजच निघेनासा झाला, तर त्याला हातावर पालथे धरावे, डोके खाली ठेवून खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबावे, आणि वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. न दिसणारी वस्तू काढायला तोंडात बोट घालू नये. हे सासूबाईंनाही एकदा करून दाखवावे.

जावळाचा विधी वाईट नाही, वेळ मात्र अडचणीची आहे. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते, आणि तोपर्यंत आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ओसरत आलेली असते. गर्दीत गोवर किती सहज पसरतो हे वेगळे सांगायला नको. मुहूर्त पुढे ढकलता आला तर नऊ महिन्यांची लस घेऊन दोन-तीन आठवड्यांनी जावे. ढकलता येत नसेल तर यात्रेचा दिवस आणि रविवार टाळून आडवारी, सकाळी लवकर जावे. नाभिकाकडून नवे पाते समोर उघडून घ्यावे. भंडारा उधळत असताना बाळाला गाभाऱ्यापासून लांब ठेवावे, कारण हळदीची ती बारीक पूड श्वासावाटे आत जाते. कपाळाला बोटभर लावावा, तो पुरे. सांगलीहून पालीपर्यंत दुचाकीवर मांडीत बाळ घेऊन जाऊ नये. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी दुचाकीवर हेल्मेट, पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा नियमाने सांगितलेली आहे, आणि नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाच्या मापाचे हेल्मेट मुळात मिळत नाही. एसटीने जावे, मोठ्या बसस्थानकावर पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहे का ते विचारावे.

लस सरकारी घ्यावी की खासगी, यात पैशाच्या सोयीनुसार निर्णय घ्यावा. सरकारी केंद्रातली लस कमी प्रतीची नसते. एखादा डोस राहिला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जिथे थांबले तिथून पुढे चालू करतात. साधी सर्दी असेल तर तारीख पुढे ढकलू नये. जुलाब झाले तर ते थांबेपर्यंत ओआरएस, झिंक मात्र पूर्ण १४ दिवस, अंगावरचे दूध आणि जेवण चालू. जुलाब थांबवणारे औषध दुकानातून परस्पर आणू नये. श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक झाला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, बाळ पाजून घेईना, मलूल झाले, झटका आला किंवा सात-आठ तास लघवी झाली नाही, तर घरातली कोणतीही चर्चा न करता १०८ला फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावे.

नऊ महिन्यांच्या दिवशी गोवर-रुबेलाबरोबर न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा अंशात्मक (कमी मात्रेचा) डोस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो. माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन जावे, त्याच वेळी वजन आणि उंची तक्त्यावर भरून घ्यावी, आणि बाळ फिकट वाटत असेल तर हिमोग्लोबिन तपासायला सांगावे.